फिरकीच्या साच्यातली जीभ

पादचारी पुलाच्या मधोमध आल्यावर सुईआक्कांनी पहिल्यांदा कठड्याला हात टेकला. दोन श्वास घेतले, "थांबायचं नाही," असं स्वतःलाच बजावलं आणि पुन्हा चालू लागल्या. वहीताई त्यांच्या दोन पावलं मागे होती. वयाने सतरा वर्षांनी लहान असूनही तिला त्यांचा वेग झेपत नव्हता. मोठ्या पुलाची दुरुस्ती निघाल्यापासून गाड्या लांबचा वळसा घालून जात होत्या. गाडीने दीड तास, पायी पन्नास मिनिटं. शिवाय कारखान्याची गाडी सकाळीच माल घेऊन भलतीकडे गेली होती.

"किती वाजले?"

"अकराला सात कमी."

"पाणी कधी ठेवते ती?"

"मला काय विचारता आक्का? जाऊ तुमची."

"होती," आक्का म्हणाल्या.

वहीताईने चालता चालता पुन्हा फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. आक्कांच्या फोनवरून तर तेवढंही होत नव्हतं. पुलापलीकडच्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या धाकट्या जावेने त्यांचा नंबर चार वर्षांपूर्वीच बंद करून टाकला होता. वहीताईचा नंबर तिच्याकडे नव्हता, आणि चुलीपाशी उभी असताना अनोळखी फोन उचलणारी बाई ती नव्हे. मेसेज टाकला होता, तो वाचल्याची खूण येत नव्हती. वसतिगृहाच्या कचेरीतही कुणी उचलत नव्हतं.

"ऐंशी मुलं," आक्का म्हणाल्या. "सगळ्यात मोठं दहा वर्षांचं."

"बोलू नका. दम लागेल."

"गप्प राहिले तर जास्त लागतो."

त्या दोघी पास्त्याच्या कारखान्यात कामाला होत्या. कारखाना लहान, पण मालाला नाव होतं, विशेषतः पिळाच्या मालाला. पाकिटांवर मोठमोठी परदेशी नावं छापलेली असत. ती कारखान्यातल्या कुणाही बाईच्या तोंडी बसली नाहीत, म्हणून बायकांनी आपली नावं पाडली. तीन पात्यांची, स्क्रूसारखी पीळ खाल्लेली ती फिरकी. दोन दोऱ्या एकमेकींत वळल्यासारखी दिसते ती जुळी. पोकळ नळी स्प्रिंगसारखी वळवली की गिरमिट. आणि बोटभर लांब, पीळ असून आतून आरपार भोक असलेली ती बासरी. साहेब छापील नावाने ऑर्डर सांगायचे, बायका विचारायच्या, "म्हणजे आपली जुळी ना?" वर्षभरात साहेबही जुळीच म्हणायला लागले.

प्रत्येक प्रकाराला वेगळा साचा. फिरकीचा साचा म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी, मनगटाइतकी जाड पितळी चकती. तिला अठ्ठेचाळीस भोकं, आणि प्रत्येक भोकात अंगठ्याच्या पेराएवढी एकेक पितळी कळी बसवलेली. कळीला तीन तिरक्या फटी, आणि फटींच्या मधे तीन बारीक जिभा. रव्याचं घट्ट पीठ मागून दाबाने आलं की त्या जिभा त्याची तीन पाती करतात, आणि फटी तिरक्या असल्यामुळे बाहेर पडता पडता ते पीळ खातं. पीळ कुणी घालत नाही, तो आपोआप पडतो. "माणसालाही असाच पडतो," असं आक्का म्हणायच्या आणि बायका एकमेकींकडे बघून हसायच्या, कारण आक्कांइतकी पिळाची बाई कारखान्यात दुसरी नव्हती.

साचे धुणं आणि त्यांची भोकं साफ करणं हे आक्कांचं काम. सव्वीस वर्षं त्या तेच करत आल्या होत्या. लग्न होऊन आल्यावर त्या पहिल्यांदा ट्रे धुवायला लागल्या. नवरा पीठ मळायच्या यंत्रावर होता. साचे धुणाऱ्या म्हाताऱ्याने त्यांची बोटं पाहिली आणि त्यांना आपल्या हाताखाली घेतलं. म्हातारा गेला, पुढे नवराही गेला, आक्का साच्यांपाशी राहिल्या. चष्म्याच्या जुन्या डबीत त्यांच्या लाकडी सुया असत. त्या स्वतःच तासायच्या. फिरकीसाठी चपट्या टोकाची, जुळीसाठी वाकडी, बासरीसाठी सगळ्यात लांब आणि सगळ्यात नाजूक. सुई मोडली तरी चालेल, साच्यावर ओरखडा उठता कामा नये, हा त्यांचा धर्म. लोखंड धुण्याच्या खोलीत आणायचं नाही. केसांतल्या पिनासुद्धा बायका दाराबाहेर काढून ठेवत.

भोकं साफ झाली की आक्का प्रत्येक कळीवरून नख फिरवायच्या. अठ्ठेचाळीस कळ्या, एकशे चव्वेचाळीस जिभा. मग हात पुसून म्हणायच्या, "बरा आहे." तेवढं म्हटलं की वहीताई तपासणीच्या वहीत 'साचा पाहिला' असं लिहून खाली सही करायची. वहीतलं पाहिलेलं असायचं ते आक्कांनी. तीन वर्षांत तिने एकदाही स्वतः साच्यावर हात ठेवला नव्हता. आक्कांनी बरा आहे म्हटल्यावर पुन्हा बघणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणणं, अशी तिथली समजूत होती.

पूल संपला. पुढे गोदामांची रांग, तिच्या कडेने फुटका पदपथ. आक्का पदपथ सोडून सरळ रस्त्यावरून चालू लागल्या.

"समजा त्या तिन्हीतलं एकही पोतं तिने फोडलंच नसेल," वहीताई म्हणाली.

"समजा फोडलं असेल."

"आक्का, मुलं चावून खातात. दाताला लागलं की थुंकतील."

"लहान मूल चावतं कुठे? फिरकी तोंडात धरून ओढतं. माझी लेक तशीच खायची. सुर्रकन."

झालं होतं ते असं. काल गुरुवारी दिवसभर फिरकी काढली. रात्रभर ती ट्रेंवर वाळली आणि आज सकाळी सोळा पोत्यांत भरली. पोत्यांवर नंबर होते, ट्रे भरले त्याच क्रमाने. पाच, सहा आणि सात नंबरची पोती सकाळच्या फेरीत मुलांच्या वसतिगृहात गेली. साडेनऊला आक्का साचा उतरवून धुवायला बसल्या, आणि एकतिसाव्या कळीत त्यांच्या नखाला जिभेचा शेंडा लागला नाही. तो तुटला होता. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा कालच्या पिठाबरोबर बाहेर पडला होता. कारखान्यात वाटेत चुंबक लावलेलं आहे, पण पितळ चुंबकाला चिकटत नाही.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. वहीताईला हाक मारली आणि सांगितलं, "पोती फोडायला घे."

वहीताईला आधी कळेना की ऐंशी किलो मालात अर्धा दाणा शोधायचा कसा. आक्कांनी ते दोन वाक्यांत समजावलं. जीभ शाबूत असेतो एकतिसावी कळी तीन पात्यांची फिरकी काढणार. जीभ तुटली की दोन पाती एकमेकांना चिकटणार, म्हणजे एक पातं जाड आणि एक बारीक अशी बेढब फिरकी निघणार. ज्या पोत्यात बेढब फिरकी नाही, ते तुटण्याआधीचं. ज्यात पहिल्या मुठीपासून बेढब आहे, ते तुटल्यानंतरचं. आणि ज्या पोत्यात बेढब फिरकी सुरू होते, तुकडा त्याच पोत्यात.

चौथं पोतं तळापर्यंत साफ निघालं. आठवं फोडलं तर पहिल्याच मुठीत दोन बेढब. म्हणजे तुकडा पाच, सहा किंवा सातमध्ये होता, आणि ती तिन्ही पोती पुलापलीकडे.

आक्कांनी एकतिसावी कळी साच्यातून काढली, रुमालात बांधली, आणि चप्पल घालून निघाल्या. साहेब फोनवर कुणाशी तरी बोलत होते. वहीताईने त्यांना खुणेनेच सांगितलं आणि ती मागे धावली.

"धातू थकतो का हो आक्का?" गोदामं संपता संपता तिने विचारलं. "सव्वीस वर्षांचा साचा. आपोआप तुटला असेल."

"थकतो," आक्का म्हणाल्या. वहीताईकडे न बघता म्हणाल्या.

जावेची गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. आक्कांनीच तिला कामाला आणलं होतं. घर एक, खोल्या दोन. एकीत आक्का आणि त्यांची लेक, दुसरीत दीर आणि जाऊ. दीड वर्ष जाऊ त्यांच्या हाताखाली साचे धूत होती आणि हाताने चांगली होती. मग एक दिवस जुळीच्या साच्यावर ओरखडा दिसला. आक्कांनी तिथल्या तिथे तिचा खिसा उलटा केला. आतून शिवणाची सुई निघाली. जाऊ म्हणाली, ही बटण लावायची आहे, साच्याला लागलेली नाही. आक्का साहेबांना म्हणाल्या, माझ्या खोलीत लोखंड आणलं, मला ही नको. त्याच आठवड्यात जाऊ कामावरून गेली, आणि महिन्याभरात दीर बिऱ्हाड घेऊन पुलापलीकडे राहायला गेला. पुढे जावेला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. आक्कांच्या लेकीच्या लग्नात ती आली, जेवली, आणि आक्कांशी एक शब्द न बोलता गेली.

"ती मला दारात उभी करेल का, कोण जाणे," आक्का म्हणाल्या. वसतिगृहाची पिवळी भिंत आता समोर दिसत होती.

"तुम्ही मागे राहा. मी बोलते."

"तुला ती ओळखत नाही. तुझं ऐकून चूल बंद करायची नाही ती. मी ओळखते तिला."

वहीताई मनात देवाचं नाव घेत होती. मागणं एकच होतं, पातेलं अजून चढलेलं नसू दे. फाटकाच्या घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. दार उघडं, आणि दारातून वाफ बाहेर येत होती. आत दोन बायका गाजरं चिरत होत्या. मोठ्या गॅसवर कमरेएवढं पातेलं, त्याच्यावर फेस, आणि फेसात लांब दांड्याचा झारा फिरवत धाकटी जाऊ उभी. चार वर्षांत ती जाड झाली होती. तिने मान वळवून पाहिलं. झारा थांबला नाही.

"जाऊबाई," ती म्हणाली. "वाट चुकलात?"

"गॅस बंद कर."

"का?"

"आधी बंद कर, मग सांगते."

"इथे गॅस कधी बंद करायचा ते मी ठरवते. पाऊण तासाने मुलं ताटं घेऊन उभी राहतील. तुमचा फोन आला असेल तर मी घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

वहीताई पुढे झाली. आपण कारखान्यातून आलोय, साच्याचा तुकडा मालात पडलाय, तो या तीन पोत्यांपैकी एकात आहे, असं तिने एका दमात सांगितलं. जावेने ते ऐकून घेतलं, पण ती बघत होती आक्कांकडेच.

"जाऊबाईंच्या साच्यातून तुकडा? कसं शक्य आहे? जाऊबाईंचा साचा बरा असतो." गाजरं चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. "का सकाळी उठून मालात खोट दिसली आणि आता ती माझ्या पातेल्यात सापडायला हवी? या वेळी कुणाच्या खिशातून सुई काढायची आहे?"

"तसं नाही हो," वहीताई म्हणाली.

"तुम्ही नका बोलू. तुमचा माझा काही वाद नाही. यांना बोलू दे. कुणी घातली सुई?"

"मी," आक्का म्हणाल्या.

झारा थांबला.

"बुधवारी," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त शब्द सावकाश येत होते. "साचे भिजत ठेवतो त्या टाकीतलं पाणी सुट्टीत गळून गेलं होतं. पीठ वाळून दगड झालं होतं. माझ्या लाकडी सुया मोडल्या, एक नाही, तीन. दुसऱ्या तासायला वेळ नव्हता. पिशवीत शिवणाची सुई होती, ती घातली. टक्‌ असा आवाज आला. नख फिरवलं तर केसाएवढं लागलं. मला कळलं होतं. आणि मी हिला सांगितलं, बरा आहे."

बुधवारची वही वहीताईच्या डोळ्यांसमोर आली. 'साचा पाहिला', आणि खाली तिचं नाव, तिच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. पन्नास मिनिटं ती या बाईबरोबर चालली होती, आणि धातू थकतो का असं विचारत होती.

जावेने हात लांब करून गॅस बंद केला.

"कुठलं पोतं ओतलंस?" आक्कांनी विचारलं.

रिकामं पोतं कोपऱ्यात पडलं होतं. वहीताईने ते उलटं करून नंबर पाहिला. सहा. सात नंबरचं तोंड उघडलेलं होतं, पुढच्या पातेल्यासाठी. पाच नंबर बंद.

पुढे कुणी कुणाला काय करायचं ते सांगावं लागलं नाही. वहीताईने सातमध्ये हात घातला. पहिल्या मुठीत एक बेढब, दुसरीत दोन. सात नंबर तुटल्यानंतरचं. आक्कांनी आणि जावेने मिळून पाच नंबरचं पोतं टेबलावर ओतलं आणि हातांनी पसरलं. मधे अंतर ठेवून दोघी एकाच टेबलाशी वाकल्या होत्या. पाच नंबर तळापर्यंत साफ. एकही बेढब नाही.

म्हणजे तुकडा पातेल्यात होता.

"मुलांना काय देशील?" आक्कांनी विचारलं.

"ते मी बघते," जाऊ म्हणाली आणि बायकांना ब्रेड, उकडलेली अंडी आणि केळी काढायला लावली. मग तिने पातेल्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. फडक्यावर पीठ उरलं, बाकी काही नाही. तळ तिने हाताने चाचपला. तिथेही काही नाही. तुकडा सुटा झाला नव्हता. तो फिरकीत रुतलेला होता, कुठल्या तरी एका फिरकीत.

तीन टेबलांवर फिरकीचे ढीग पडले. वाळलेल्या मालात बेढब फिरकी लांबून दिसत होती. शिजल्यावर तसं राहिलं नाही. फिरकी फुगते, पीळ सैल पडतो, पाती एकमेकींना चिकटतात. वर ही जरा जास्तच शिजली होती, हात लावला की पातं गळून हातात येई. आणि पितळेचा रंग पिवळा, फिरकीचाही पिवळा. वहीताईने पंधरा मिनिटं डोळे ताणले आणि तिला सगळीच फिरकी सारखी दिसायला लागली.

"डोळ्यांनी नका शोधू," आक्का म्हणाल्या. त्यांनी स्वतःचे डोळे मिटून घेतले होते. "अंगठा आणि बोट. एकेक दाबायची आणि बाजूला टाकायची. कडक लागलं की थांबायचं."

बाहेर ताटांचा आवाज सुरू झाला. कुणीतरी खिडकीतून ओरडून विचारलं, आज फिरकी नाही का? एका बाईने सांगितलं, आज नाही, अंडी आहेत. बाहेरून नाराजीचा मोठा सूर उमटला आणि मग चमच्यांचा खणखणाट.

एक टेबल संपलं. काही नाही. दुसरं अर्धं झालं. वहीताईच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. एक भलताच विचार तिच्या मनात शिरला आणि निघेना. या बायकांनी आधी कुणाला चाखायला दिलं असेल तर? शिजली का बघायला स्वयंपाकी एखादी तोंडात टाकतोच. तिने तोंड उघडायच्या आत आक्कांनीच विचारलं.

"चाखलीस तू?"

"एक," जाऊ म्हणाली. "चावून. तीन पात्यांची होती."

"पाती मोजून खातेस?"

"दीड वर्ष तुमच्या हाताखाली होते. सवय गेली नाही."

कुणी हसलं नाही. तिसरं टेबल सुरू झालं. तिघींच्या मधून आता फक्त ओलसर फिरकी टाकल्याचा आवाज येत होता, थप, थप, असा. आक्कांच्या मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं. ते वाफेचं आहे की कशाचं, हे पाहायला वहीताईकडे वेळ नव्हता.

"जाऊबाई."

जावेने हात पुढे केला होता. तळव्यावर एक फिरकी, दोन पाती चिकटलेली, आणि चिकटलेल्या जागी मोहरीच्या टरफलासारखी चमक. आक्कांनी डोळे उघडले. रुमाल सोडला, कळी बाहेर काढली. जावेने नखांनी पीठ सोलून तुकडा मोकळा केला, पाण्यात बुडवला, आणि आक्कांच्या हातात न देता स्वतःच कळीच्या तुटक्या जिभेवर टेकवून बसवला. मग कळी आक्कांपुढे धरली.

आक्कांनी त्यावरून नख फिरवलं. एकदा, मग उलट बाजूने, मग पुन्हा.

"पूर्ण आहे," त्या म्हणाल्या. "काही उरलं नाही."

वहीताईने भिंतीला पाठ टेकली आणि ती तिथेच खाली बसली. देवाने लाज राखली, असं तिच्या तोंडून निघालं. कुणाची, ते तिला सांगता आलं नसतं.

जाऊ हात धुवत होती. पाठमोरीच म्हणाली, "माझी सुई साच्यात गेली नव्हती."

"माहीत आहे."

"आज कळलं?"

"तेव्हाच. सुई कोरडी होती. साच्यात गेली असती तर तिला पीठ लागलेलं असतं."

"आणि ओरखडा?"

"तो कुणाचा होता, मला आजवर माहीत नाही. त्या दिवशी कुणाचा तरी हवा होता."

नळ चालूच राहिला. मग जावेने तो बंद केला, पदराला हात पुसले आणि माठातून दोन पेले पाणी भरून टेबलावर ठेवलं. "पिऊन घ्या आणि निघा," ती म्हणाली. "मला संध्याकाळचं बघायचंय. सात नंबरचं पोतं घेऊन जा. पाच ठेवा, ते साफ आहे. मी माझ्या हाताने पाहिलंय."

दोघी पाणी प्यायल्या. आक्कांनी पेला विसळून पालथा घातला.

वसतिगृहाच्या मागच्या पायरीवर आक्का बसल्या तेव्हा एक वाजला होता. चालताना न थकलेली बाई आता एका पोत्याशेजारी अवघडून बसली होती. वहीताई उभीच राहिली. तिला बसावंसं वाटत नव्हतं, आक्कांच्या जवळ तर नाहीच. साहेबांचा फोन आला. तुकडा सापडला, पूर्ण आहे, मुलांच्या तोंडात काही गेलं नाही, असं तिने सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, तुटला कसा? वहीताईने फोन कानापासून बाजूला घेतला आणि आक्कांपुढे धरला.

आक्कांनी सगळं सांगितलं. टाकी, मोडलेल्या तीन सुया, शिवणाची सुई, टक्‌, बरा आहे. मधेच "नाही, तिला माहीत नव्हतं" असं एकदा म्हणाल्या. फोन परत देताना म्हणाल्या, "सोमवारी बघू म्हणतात."

"काय बघणार?"

"साचे धुणारी दुसरी बाई मिळते का ते बघतील. नाही मिळणार. मग मला ठेवतील."

"आक्का, माझी सही होती तिथे."

"हो."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं. बुधवारी नाही तर नाही, निदान आज पुलावर. मी तुमच्यासाठी धातू थकवत बसले होते."

"सांगणार होते. पुलावर दोनदा तोंड उघडलं. तू म्हणालीस बोलू नका, दम लागेल." हे विनोदाने म्हटलं की कसं, वहीताईला कळलं नाही. ती हसली नाही. आक्काही हसल्या नाहीत.

मग आक्कांनी पोत्याची गाठ उगीचच घट्ट केली.

"पोरी, एक मागते तुझ्याकडे."

"काय?"

"मला ठेवलं, तर नवी कळी घातल्यावर मी पुन्हा साचा धुवेन. पुन्हा हात पुसेन आणि म्हणेन, बरा आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस. सुया बाहेर ठेवायला लाव मला, पिनासुद्धा. साचा तुझ्या हातात घे आणि माझ्यासमोर एकेक जीभ बघ. मी चिडेन, सव्वीस वर्षं केलंय म्हणेन, चार बायकांत तुझा अपमान करेन. करेनच, मला माहीत आहे मी कशी आहे. तरी तू साचा खाली ठेवू नकोस. एवढं कर माझ्यासाठी."